जोडीदाराची हजेरी

गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात माझे स्नेही माणिकराव थावरे यांचा आमच्या श्रीलंकेच्या सहलीवरचा लेख प्रसिद्ध झाला. ‘वाचनीय’ असा शेरा संपादकांनी त्याच्या माथ्यावर छापला होता. वाचनीय तो आहेच. खरा नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

बस लाल नव्हती. ती पांढरी होती आणि तिच्या अंगावर हिरवा पट्टा होता. वाटेत रस्ता ओलांडताना दिसलेले हत्ती अकरा नव्हते, तीन होते. माणिकरावांनी आठ हत्ती पदरचे घातले याला माझी हरकत नाही. ते हत्ती काही जाब विचारायला परळीला येणार नाहीत. पण त्याच लेखात एक वाक्य असे आहे: ‘आमच्यातल्या साळवे बाई जरा विसरभोळ्या, त्या अनुराधापुरात हरवल्या आणि आम्ही सर्वांनी मिळून त्यांना शोधून काढले.’ या एका वाक्यात तीन असत्ये आहेत. बाई विसरभोळ्या नव्हत्या. त्या हरवल्या नव्हत्या. आणि त्यांना सर्वांनी शोधले नाही. त्या वेळी माणिकराव रस्त्याच्या कडेला शहाळ्याचे पाणी पीत बसले होते.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो, तेही सांगायला हवे. मी काशिनाथ बिडवे. परळी वैजनाथहून सव्वीस वर्षे लोकांना बसने हिंडवले. आधी रामेश्वर, कन्याकुमारी, तिरुपती. पुढे आमच्या भागातल्या लोकांकडे पासपोर्ट आले तेव्हा नेपाळ आणि श्रीलंका. कंपनी मोठ्या शहरातली, पण आमच्या जिल्ह्यातले प्रवासी असले की मॅनेजर मी, हे ठरलेले. त्या सहलीचा मॅनेजर मीच होतो. बाकीचे सगळे प्रवासी होते. प्रवाशाने प्रवास सांगावा. गाडीत कोण होते आणि कोण नव्हते, हे सांगण्याचा अधिकार मॅनेजरचा.

बाहेरच्या माणसाला वाटते, सहल नेणारा माणूस स्थळे दाखवतो. स्थळे आपली आपण दिसतात. त्यासाठी माणूस लागत नाही. मॅनेजरचे खरे काम तीन गोष्टींचे: माणसे मोजणे, माणसांची वाट पाहणे आणि त्यांना भूक लागण्याच्या अर्धा तास आधी ती ओळखणे. भुकेला मराठवाड्यातला माणूस बुद्धमूर्तीपुढेही उभा राहत नाही, ‘भाकर कवा?’ म्हणून विचारतो. मॅनेजर सर्वांत आधी उठतो आणि सर्वांत शेवटी जेवतो; तोवर वरणात फक्त पाणी उरलेले असते. सर्वांची छायाचित्रे तोच काढतो, म्हणून सव्वीस वर्षांतल्या एकाही छायाचित्रात मी नाही. चालकाच्या मागे डावीकडचे पहिले आसन माझे. त्याच्या शेजारचे, म्हणजे क्रमांक दोनचे, आसन नियमाने रिकामे असे. तिथे मी चिवड्याची पिशवी ठेवत असे.

घरी वेगळे होते असे नाही. आमच्या सौभाग्यवती मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. भांडण झाले नाही. वर्षातले आठ महिने मी दौऱ्यावर. ‘इथं राहून कुणाची वाट बघायची?’ असे त्यांनी एकदा फोनवर विचारले आणि मला पटकन उत्तर सुचले नाही. नंतर सुचले असते, पण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

आता हजेरीविषयी. हा माझा शोध आहे आणि त्याचा मला अभिमान होता. सुरुवातीची काही वर्षे मी डोकी मोजत असे. डोकी मोजणे हा सर्वांत बेभरवशाचा प्रकार आहे, कारण डोकी जागा बदलतात, खिडकीबाहेर निघतात आणि आसनाखाली पडलेला चष्मा शोधायला वाकतात. मग मी नावे घेऊन पाहिली. त्यात दुसरीच अडचण आली. आमच्या भागात ‘हाय’ या शब्दाचा अर्थ ‘हजर आहे’ असा होत नाही. ‘या पृथ्वीवर कुठेतरी आहे’ असा होतो. मी नाव घ्यावे, कोणीतरी मागून ‘हाय हाय’ म्हणावे, गाडी सुटावी आणि दहा मिनिटांनी कळावे की ती व्यक्ती आहे खरी, पण मदुराईच्या देवळाच्या दुसऱ्या प्राकारात केळी घेत आहे.

तेव्हा मी जोडीची हजेरी सुरू केली. प्रत्येकाला एक जोडीदार. नवराबायको असतील तर ते. एकटे आलेले असतील तर दोन एकट्यांची जोडी लावून द्यायची. कोणी स्वतःची हजेरी द्यायची नाही. शेजारी पाहून जोडीदाराची द्यायची. गाडी सुटण्याआधी मी उभा राहून एकच शब्द उच्चारत असे: ‘जोडीदार?’ आणि सारी गाडी एका सुरात ओरडत असे: ‘हाय!’ हॉटेलच्या पत्त्याचे आणि माझ्या तिथल्या फोन क्रमांकाचे कार्डही जोडीत एकच. निरोपही तसाच जाई. मी चार माणसांना सांगावे, शेवटी ‘जोडीदाराला सांगा’ म्हणावे, की निरोप पाण्यासारखा सगळीकडे पोहोचे. एका सहलीत एक वहिनी यजमानांवर रुसल्या होत्या. यजमान शेजारी बसलेले असताना त्यांनी खणखणीत ‘न्हाई!’ असे सांगितले. मी घाबरून मागे गेलो तर म्हणाल्या, ‘असून नसल्यावानीच हाय की ह्यो माणूस.’ तेवढा एक अपवाद सोडला तर या पद्धतीने मला कधी दगा दिला नाही. माझ्या गाडीतून कोणी मागे राहिले नाही, असे मी छातीवर हात ठेवून सांगत असे.

श्रीलंकेच्या त्या सहलीत तेहतीस प्रवासी होते. म्हणजे सोळा जोड्या आणि एक माणूस. दुसऱ्या एक एकट्या बाई यायच्या होत्या, त्यांच्या सुनेचा पाय मोडला आणि त्या राहिल्या. उरलेल्या एक म्हणजे शकुंतला साळवे. धर्मापुरीच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सारी पंचक्रोशी त्यांना ‘बाई’ एवढेच म्हणे. यजमान वारले होते. मुलगा मिलिंद पुण्यात. धर्मापुरीच्या घरात त्या एकट्या राहत आणि त्याबद्दल कोणी कीव केली तर कीव करणाऱ्याचे व्याकरण तपासत.

विमानतळावरून निघताना मी त्यांना म्हणालो, ‘बाई, तुम्हाला जोडी उरली नाही. तुमचा जोडीदार मीच.’

‘म्हणजे तुमची हजेरी मी द्यायची?’

‘पद्धत तशीच आहे.’

‘आणि माझी तुम्ही?’

‘अर्थात.’

बाईंनी चिवड्याची पिशवी उचलली, वरच्या फळीवर ठेवली आणि क्रमांक दोनवर बसल्या. त्यानंतर प्रत्येक वेळी मी ‘जोडीदार?’ म्हणताच माझ्या कानाशी सर्वांत मोठा ‘हाय!’ त्यांचा असे. वर्गाला शिस्त लावणारा आवाज होता तो. मागून माणिकराव ओरडत, ‘बाई, मॅनेजर उभाच हाय की समोर, दिसायला लागलाय आमाला!’ त्यावर बाई मान न वळवता म्हणत, ‘दिसतो म्हणून आहे असं धरायचं नसतं, थावरे. नियम म्हणजे नियम.’

इथे वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मी त्यांची हजेरी एकदाही दिली नाही. विचारणाऱ्याने उत्तर द्यायचे नसते, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रकाठाने उत्तरेकडे चाललो होतो. नारळ, पुन्हा नारळ, मध्ये भातशेती, की लगेच पुन्हा नारळ. पुत्तलमच्या बाजूला पाण्यापलीकडे लांब एक चिमणी दिसली आणि गाडीत एकदम गलका झाला. माणिकराव परळीच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते तर आसनावरून उठूनच उभे राहिले. ‘ओ मॅनेजर! आपलं थर्मल हितं कुणी आणून ठिवलं?’ गाडी थांबवावी लागली. आमच्या चालकाचे नाव सुनील. तो अस्सल सिंहली, पण नावामुळे आमच्या मंडळींनी त्याला आपल्यातच धरले होते. ‘सुनील, हितं राख पडती का रं?’ असे माणिकरावांनी विचारले. सुनीलने गोड हसून मान हलवली; ती मान हो म्हणत होती की नाही, हे त्या देशात आठ दिवस राहूनही मला समजले नाही. बायाबापड्या, शेतकरी, व्यापारी, सगळे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहून त्या चिमणीकडे पाहत राहिले. आपल्या गावाहून इतके लांब आलो आहोत हे त्यांना समुद्राने सांगितले नव्हते, चिमणीने सांगितले.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘आमच्या यजमानांना उद्याचं ठिकाण बघायचं होतं. तिथला बोधिवृक्ष. बुद्धगयेच्या झाडाच्या फांदीपासून वाढलाय म्हणतात. त्यांनी वहीत नकाशा काढून ठेवला होता.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मला तिथं तासभर लागेल.’

‘कार्यक्रमात चाळीस मिनिटं आहेत, बाई.’

‘बरं. चाळीस तर चाळीस. पण पूर्ण चाळीस.’

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अनुराधापुराला पोहोचलो. तिथे अनवाणी जायचे असते. आमची मंडळी चपलांबाबत फार संशयी. बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील म्हणून सर्वांनी चपला गाडीतच काढल्या. बाईंनीही काढल्या आणि आसनाखाली टाचा जुळवून ठेवल्या. पांढरे लुगडे त्या मुद्दाम नेसल्या होत्या. पूर्वेच्या दाराशी कमळे विकणारी एक टपरी होती. ती दाखवून मी मोठ्याने सांगितले, ‘बरोबर चार वाजता सर्वांनी या टपरीशी यायचे. आणि चुकामूक झालीच तर नियम माहीत आहे: ठरलेली जागा सोडायची नाही. मी येतो.’

साडेतीनच्या सुमारास सुनीलचा फोन आला. पूर्वेच्या दाराला मिरवणूक येत होती आणि पोलीस सर्व गाड्या पश्चिमेच्या दाराला हलवीत होते. मी आवारात फिरून दिसतील त्यांना सांगितले, ‘पश्चिमेच्या दाराला या. जोडीदाराला सांगा.’ निरोप नेहमीप्रमाणे गेला. चाराला दहा मिनिटे कमी असतानाच मंडळी गाडीत येऊन बसली. मी आसन मागे टाकून मधल्या वाटेत उभा राहिलो. ऊन असे होते की सुनीलने गाडीचे इंजिन चालूच ठेवले होते.

‘जोडीदार?’

‘हाय!’

आणि आम्ही निघालो.

आता या प्रसंगाची जी निरनिराळी रूपे परळीत चालू आहेत, त्यांचा मी क्रमाने समाचार घेतो. स्टेशन रोडवरच्या चहाच्या दुकानात असे सांगतात की चालकाने घाई केली. सुनीलने माझ्या शब्दाशिवाय ब्रेकवरचा पायही कधी उचलला नाही; त्या सज्जन माणसावर हा आरोप मी चालू देणार नाही. माझे काही हितचिंतक सांगतात की बिडव्यांना त्या दिवशी ताप होता. ताप नव्हता. मला सव्वीस वर्षांत दौऱ्यावर ताप आलेला नाही. माझ्या बाजूने बोलणाऱ्यांनीही खरे बोलावे. आणखी एक मत असे की पद्धतच सदोष होती. पद्धत निर्दोष होती. बत्तीस माणसांपैकी प्रत्येकाने शेजारी पाहिले आणि खरे उत्तर दिले. एकाच माणसाने पद्धतीप्रमाणे शेजारी पाहिले नाही. तो उभा होता, सर्वांकडे तोंड करून, आणि आपल्या आसनाकडे त्याची पाठ होती.

बसलो तेव्हाही पाहिले नाही. सव्वीस वर्षे ते आसन रिकामेच असे. रिकामे आसन मला खटकले नाही. कानाशी तो मोठा ‘हाय!’ आला नाही, हेही जाणवले नाही. उलट जरा शांत वाटले, असे आठवते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण माणिकरावांच्या लेखाला उत्तर द्यायचे तर सगळेच द्यायला हवे.

दांबुल्लाच्या रस्त्याला पाऊण तास गेल्यावर एका केशरी शहाळ्यांच्या दुकानापाशी गाडी थांबवली. तिथली शहाळी नारंगी रंगाची असतात. आमच्या लोकांना त्यांचे फार अप्रूप. मी नेहमीसारखा उभा राहून शहाळी वाटू लागलो. गर्दी होऊ नये म्हणून तेही जोडीने: एका माणसाने यायचे, दोन घ्यायची, एक जोडीदाराला द्यायचे. सोळा जोड्या झाल्या. सर्वांत शेवटी दुकानदाराने माझ्या हातात दोन ठेवली.

एक उजव्या हातात, एक डाव्या हातात. मी डावीकडे वळलो.

माणिकराव तेव्हा काय म्हणाले, ते त्यांनी लेखात लिहिलेले नाही; मी लिहितो. ‘कावून उभारलाव मॅनेजर पुतळ्यावानी? त्ये दुसरं मला द्या की.’

मी गाडीत चढलो. क्रमांक दोनच्या आसनाखाली बाईंच्या चपला होत्या. टाचा जुळवलेल्या. पाऊण तास माझ्या पायापासून त्या वीतभर अंतरावर होत्या.

सुनीलला मंडळींपाशी थांबायला सांगून मी एक तीनचाकी मिळवली आणि उलट फिरलो. वाटेत मला दोन गोष्टी सुचल्या. एक म्हणजे बाईंचा फोन हॉटेलच्या वायफायवरच चालत असे. दुसरी म्हणजे जोडीत एक कार्ड असते आणि आमच्या जोडीचे कार्ड माझ्या खिशात होते. पोलिसांकडे जाऊन त्यांनी काय सांगायचे? हॉटेलचे नावही त्यांच्याजवळ नव्हते. तेहतिसांपैकी बत्तिसांची सोय मी चोख केली होती. तेहतिसाव्यांकडे जे जे असायला हवे होते, ते सगळे माझ्याकडे होते.

पूर्वेच्या दाराशी पोहोचलो तेव्हा पावणेसहा होत आले होते. मिरवणूक कधीच निघून गेली होती. कमळांच्या टपरीशी बाई उभ्या होत्या. ठरलेली जागा, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. टपरीवाल्या बाईने त्यांच्या पायांखाली भिजवलेले गोणपाट टाकले होते, कारण जमीन दुपारभर तापलेली होती. बसायला दिलेले स्टूल मात्र रिकामेच होते. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण बुद्धवंदनेतले त्रिसरण दोघींनाही येत होते. मी गेलो तेव्हा दोघी ते हळू आवाजात म्हणत होत्या. बाई रडत नव्हत्या. माणिकरावांच्या लेखात त्या ‘ओक्साबोक्शी’ रडतात. माझ्या देखत त्यांच्या डोळ्याला पाणी आले नाही.

त्यांनी घड्याळ पाहिले.

‘चार म्हणाला होतात, मॅनेजर.’

‘बाई, चूक झाली.’

‘चप्पल आणलीत?’

चप्पल मी आणली नव्हती. चपलांकडे पाहूनच धावलो होतो आणि चपला तिथेच राहिल्या होत्या.

तीनचाकीत आम्ही दोघे शेजारी बसलो. बाईंनी तळव्यांना चिकटलेली धूळ पुसली. मग शांतपणे, वर्गात उदाहरण सोडवून घ्यावे तसे विचारले, ‘दार बदललं ते सगळ्यांना कसं कळलं?’

‘मी निरोप दिला. जोडीदाराला सांगा म्हणालो.’

‘मग मला कुणी सांगायचं होतं?’

उत्तर त्यांना येत होते. तरी त्या माझ्याकडून म्हणवून घ्यायला थांबल्या होत्या. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी तोंड बाहेर वळवले.

इथपर्यंत जे झाले ती चूक होती. माणसाच्या हातून चुका होतात आणि मी त्या चुकीसाठी हा लेख लिहायला बसलो नसतो. पुढे झाले ती चूक नव्हती.

आम्ही शहाळ्यांच्या दुकानापाशी परतलो. सगळे गाडीभोवती जमले. ‘काय झालं हो? बाई कुठं गेलत्या?’ थावरे वहिनींनी विचारले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. बोलण्याचा मान मॅनेजरचा, म्हणून त्यांनी तो मला दिला. आणि मी म्हणालो, ‘काही नाही. बाई जरा तंद्रीत होत्या. झाडापाशी रमल्या.’

एवढेच. सगळे हसले. ‘व्हतंय असं, वयामानानं,’ वहिनी म्हणाल्या. बाई गाडीत चढल्या, चपला पायांत घातल्या आणि क्रमांक दोनवर बसल्या. त्यांना त्या क्षणी खरे सांगता आले असते. सगळ्या गाडीने ऐकले असते. त्या बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटले, प्रकरण मिटले. मी मधल्या वाटेत उभा राहिलो आणि सवयीने म्हणालो, ‘जोडीदार?’

‘हाय,’ बाई म्हणाल्या. माझी हजेरी दिली. उरलेले पाच दिवस, प्रत्येक थांब्यावर, न चुकता. आवाज मात्र पूर्वीइतका मोठा नव्हता.

परळीत आल्यावर ‘तंद्री’चे ‘विसरणे’ झाले आणि विसरण्याचे ‘हरवणे’ झाले. शब्द माझ्या हातून सुटला होता. पुढचे काम गावाने केले. सहा महिन्यांनी बाईंनी कंबोडियाच्या सहलीसाठी नाव दिले. तिथली जुनी मंदिरे त्यांना पाहायची होती. त्यानंतर आठवड्याने मिलिंदराव पुण्याहून माझ्याकडे आले. सभ्य तरुण. चहा समोर ठेवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

‘काका, आई सांगत नाही म्हणून तुम्हालाच विचारतो. लोक काय काय बोलतात. ती खरंच हरवली होती का, की तुमच्याकडून काही राहिलं? खरं ते सांगा. राग नाही. पण त्यावरून मला ठरवायचंय, तिला एकटीला पाठवायचं की नाही.’

प्रश्न स्पष्ट होता आणि त्यावर काय अवलंबून आहे, तेही त्यांनी सांगितले होते. माझ्यामागे भिंतीवर कंपनीने दिलेले मानपत्र होते. ‘ज्यांच्या गाडीतून कधीही कोणी मागे राहिले नाही’ असे त्यावर सुवर्णाक्षरांत लिहिलेले आहे. मी म्हणालो, ‘वय झालं की होतं थोडं असं. बाई रमल्या होत्या. मी गेलो, घेऊन आलो.’

‘मग बरं झालं विचारलं,’ ते म्हणाले. त्यांनी माझे आभार मानले.

बाईंचे नाव रद्द झाले. त्याच उन्हाळ्यात मिलिंदराव त्यांना पुण्याला घेऊन गेले. धर्मापुरीच्या घराला कुलूप लागले. त्या वाटेने मी कधीमधी जातो; तिथल्या जुन्या देवळाच्या पुढच्या वळणावर ते घर दिसते. दारापुढची तुळस वाळली आहे, असे लिहिले तर वाचकाला बरे वाटेल; पण त्यांच्याकडे तुळस नव्हती, कडुनिंब होता आणि तो उत्तम वाढला आहे.

माणिकरावांचा लेख आला तेव्हा मी प्रथम चिडलो, तो हत्तींवरून. मग ते वाक्य वाचले आणि लक्षात आले, हे माणिकरावांचे नाही. त्यांनी ते माझ्याकडूनच घेतले आहे. फक्त ‘तंद्री’च्या जागी ‘विसरभोळ्या’ घातले. खोटे मूळचे माझे. हत्ती तेवढे त्यांचे.

महिनाभर विचार करून मी बाईंना पुण्याला फोन केला. सहलीनंतर प्रथमच.

‘थावऱ्यांचा लेख वाचलात का?’

‘वाचला. शुद्धलेखन फार कच्चं आहे.’

‘बाई, मी उत्तर लिहितोय. खरं काय ते.’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘लिहा. पण मला बिचारी करू नका. आणि स्वतःलाही करू नका. झालं तसं लिहा.’

‘तुम्ही तिथंच का सांगितलं नाही, सगळ्यांसमोर?’

‘जोडीदाराची हजेरी द्यायची असते, मॅनेजर. काढून घ्यायची नसते. तुमचीच पद्धत.’ मग विचारले, ‘आता कोण असतं शेजारी?’

‘कोणी नाही. आता जातो कुठे मी? चिवड्याची पिशवीसुद्धा नसते.’

‘माझ्या शेजारी इथं सगळे असतात,’ त्या म्हणाल्या. ‘दार उघडलं की विचारतात, कुठं निघालात? जिन्यापर्यंत कुणीतरी सोबत येतं. माझ्या पासपोर्टची मुदत अजून चार वर्षं आहे.’ मी ते विचारले नव्हते.

तेव्हा माणिकराव, तुमचा माझा वाद इथे संपला. हत्ती अकरा होते असे तुम्ही खुशाल म्हणा. हा शेवटचा मजकूर मिलिंदरावांसाठी आहे. तुम्ही माझ्या घरी येऊन सभ्यपणे एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटे उत्तर दिले. खरे उत्तर असे. तुमच्या आई ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेच्या आधी पोहोचल्या. परदेशात, अनवाणी, फोन आणि पत्ता नसताना त्या जवळजवळ दोन तास तिथे उभ्या राहिल्या आणि मी घालून दिलेला नियम त्या दिवशी एकट्या त्यांनीच पाळला. सोडून गेलो तो मी. मानपत्र मी भिंतीवरून काढले आहे. तिथे आता खिळा आहे.

त्यांना कुठे जायचे आहे ते विचारा आणि जाऊ द्या. एकट्याच जाऊ द्या. सोबत म्हणून कोणी लावून दिलाच, तर गाडी सुटताना तो शेजारी पाहतो की नाही, एवढे आधी पाहून घ्या.